चित्रशाळेचे कोठार

मॉस्को शहरातून वाहणाऱ्या मस्क्वा नदीच्या काठी, क्रीम्स्की वाल या हमरस्त्यावर, एक लांबलचक, फिकट रंगाची, चौकोनी इमारत आहे. रस्त्याच्या पलीकडे प्रसिद्ध गोर्की उद्यान आहे, मागच्या अंगाला नदी आहे आणि इमारतीच्या भोवतालच्या हिरवळीवर ठिकठिकाणी पुतळे मांडलेले आहेत. डोळा ठरावा असे त्या इमारतीच्या बाह्यरूपात फारसे काही नाही. परंतु विसाव्या शतकातील रशियन चित्रकलेच्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक संग्रह येथे आहे. त्रेत्याकोव चित्रशाळेची ही नवी शाखा होय. मूळ चित्रशाळा नदीच्या त्याच बाजूस, लाव्रुशिन्स्की गल्लीत आहे व तेथे प्राचीन मूर्तिचित्रांपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची कला पाहावयास मिळते. त्यापुढील काळ क्रीम्स्की वालच्या वाट्यास आला आहे.

कोणत्याही चित्रशाळेत चित्राखालच्या पाटीवर एक साल लिहिलेले असते. ते चित्र रंगविल्याचे साल. संग्रहालयाच्या नोंदवहीत आणखी एक साल असते, ते चित्र संग्रहात दाखल झाल्याचे. परंतु तिसरे एक साल बहुधा कोठेच लिहिलेले नसते. ते चित्र सर्वसामान्य माणसाला भिंतीवर निर्वेधपणे पाहावयास मिळू लागले, ते हे साल. पॅरिस किंवा लंडन येथील संग्रहालयांत या तीन सालांत सहसा फार अंतर नसते. क्रीम्स्की वालच्या दालनांत मात्र पहिल्या आणि तिसऱ्या सालामध्ये पन्नास-पन्नास, साठ-साठ वर्षे गेलेली आढळतात. त्या मधल्या वर्षांत ही चित्रे कोठे होती, ती कोणी दडविली आणि कोणी जपली, हे समजल्यावाचून या संग्रहालयाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

चित्रशाळेचा संस्थापक पावेल त्रेत्याकोव हा मॉस्कोतील कापडाचा व्यापारी. त्याचा जन्म १८३२ सालचा. वयाच्या चोविसाव्या वर्षी, म्हणजे १८५६ साली, त्याने रशियन चित्रकारांची पहिली चित्रे विकत घेतली. त्या काळी धनिक मंडळी इटालियन व फ्रेंच चित्रे जमवीत असत. आपल्याच देशातील, आपल्याच काळातील, हयात चित्रकारांची चित्रे घ्यावयाची, असा निश्चय त्रेत्याकोवने केला व तो जन्मभर पाळला. १८९२ साली त्याने आपला सारा संग्रह मॉस्को शहराला दान दिला, तेव्हा त्यात १२००हून अधिक रशियन चित्रे होती.

राजसत्ता व चित्रशाळा यांचा पहिला खटका त्याच्याच हयातीत उडाला. इल्या रेपिन याने पुत्राचा वध करून भ्रमिष्ट झालेल्या इव्हान द टेरिबलचे चित्र १८८५ साली पूर्ण केले आणि त्रेत्याकोवने ते विकत घेतले. सम्राट तिसऱ्या अलेक्झांडरला ते रुचले नाही. चित्र कोणासही दाखवू नये, असा हुकूम सुटला. त्रेत्याकोवने ते लोकांच्या दृष्टीआड ठेवले आणि काही महिन्यांनी बंदी उठताच पुन्हा टांगले. पुढील शतकात जे घडावयाचे होते त्याची ही छोटीशी पूर्वसूचनाच म्हणावयास हवी. फरक इतकाच की, झारची बंदी महिन्यांनी मोजता आली. पुढची बंदी पिढ्यांनी मोजावी लागली.

विसाव्या शतकाचे दुसरे दशक रशियन चित्रकलेला विलक्षण फलदायी ठरले. नाताल्या गोंचारोवा व मिखाईल लारिओनोव यांनी खेड्यांतील ठोकळ्याच्या छपाईची चित्रे आणि चर्चमधील जुनी मूर्तिचित्रे यांच्यापासून ठसठशीत रेषा आणि भडक रंग घेतले. १९१२ साली कुझ्मा पेत्रोव-वोदकिन याने ‘लाल घोड्याचे स्नान’ हे चित्र रंगविले. ते १९१४ साली स्वीडनमधील माल्म येथील प्रदर्शनास गेले, मागोमाग महायुद्ध व क्रांती आली आणि ते तेथेच अडकले. १९५० साली ते चित्रकाराच्या विधवेकडे परत आले आणि १९६१ साली या चित्रशाळेत पोहोचले. चित्र पूर्ण झाल्यापासून येथवरच्या प्रवासास जवळजवळ अर्धे शतक लागले.

वासिली कान्दिन्स्की याने १९१३ च्या नोव्हेंबरात ‘सातवी रचना’ हे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद असे प्रचंड चित्र म्युनिक येथे पूर्ण केले. त्यासाठी त्याने महिनोन्‌महिने कच्चे आराखडे केले होते; प्रत्यक्ष रंगकाम मात्र चार दिवसांत उरकले. त्यात ओळखू येईल अशी एकही वस्तू नाही. रंगांच्या लाटा एका केंद्राभोवती उसळतात आणि एकमेकांवर आदळतात. गायकाने शब्दावाचून केवळ स्वरांनी राग उभा करावा तसा हा प्रकार आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१५ च्या डिसेंबरात, काझिमिर मालेविच याने पेत्रोग्राद येथील एका प्रदर्शनात आपली ३९ चित्रे मांडली. त्यांतील एक चित्र म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा काळा चौकोन. कॅनव्हासची बाजू ऐंशी सेंटिमीटरांहून किंचित कमी. मालेविचने हे चित्र इतर चित्रांच्या ओळीत न टांगता दोन भिंती जेथे मिळतात त्या कोपऱ्यात, छताला लागून टांगले. रशियन घरात तो कोपरा देवाच्या प्रतिमेचा असतो. आपल्याकडे देवघराला जे स्थान, तेच तेथे त्या कोपऱ्याला. साहजिकच पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना तो पाखंडाचा प्रकार वाटला. मालेविचच्या मते चित्रकलेने वस्तूंची नक्कल करण्याचे जुने ओझे येथे खाली ठेवले होते.

१९१७ साली क्रांती झाली आणि या बंडखोर चित्रकारांना अकस्मात सरकारदरबारी मान मिळाला. १९१८ साली त्रेत्याकोव चित्रशाळा राष्ट्राच्या मालकीची झाली. १९१९ साली मॉस्कोत ‘चित्रसंस्कृतीचे संग्रहालय’ स्थापन झाले. केवळ आधुनिक कलेसाठी सरकारने उभारलेले आणि चित्रकारांनीच चालविलेले असे संग्रहालय तोवर जगात इतरत्र नव्हते. त्याची धुरा प्रथम कान्दिन्स्कीकडे व नंतर अलेक्सान्द्र रोदचेन्को याच्याकडे होती. सरकारने या चित्रकारांची चित्रे विकत घेतली आणि ती मॉस्को-पेत्रोग्रादपुरती न ठेवता तीसएक शहरांतील संग्रहालयांना वाटली. देशात यादवी माजलेली, धान्याची चणचण, सरपणाची वाण. अशा वेळी अमूर्त चित्रांचे खोके दूरदूरच्या गावांना रवाना होत होते. व्लादिमीर तात्लिन चारशे मीटर उंचीच्या एका फिरत्या मनोऱ्याचा आराखडा करीत होता. तो मनोरा कधीच उभा राहिला नाही. पण त्याच्या लाकडी नमुन्याने जगभरच्या वास्तुशिल्पज्ञांना विचारप्रवृत्त केले.

हा स्नेह फार काळ टिकला नाही. चित्रकलेने कारखान्याच्या व प्रचाराच्या कामी यावे असा आग्रह खुद्द चित्रकारांच्या वर्तुळातूनच सुरू झाला. १९२१ च्या अखेरीस कान्दिन्स्की जर्मनीस निघून गेला. पुढच्याच वर्षी, १९२२ च्या डिसेंबरात, कलकत्त्यास इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेने बाउहाउस या जर्मन कलाशाळेतील कलावंतांच्या कृतींचे प्रदर्शन भरविले आणि त्यात कान्दिन्स्कीच्याही कृती होत्या. त्याच्या मायदेशात ज्या कलेवरचा सरकारी वरदहस्त तेव्हा सैल होत चालला होता, ती कला कलकत्त्याचा रसिक मोकळेपणाने पाहत होता, हा योगायोग भारतीयांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९२९ साली ते चित्रसंस्कृतीचे संग्रहालय बंद करण्यात आले आणि त्याच्या संग्रहाचा मोठा भाग त्रेत्याकोव चित्रशाळेकडे आला. मालेविचचा १९१५ चा ‘काळा चौकोन’ असाच तेथे आला. एप्रिल १९३२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावाने लेखक-कलावंतांच्या सर्व स्वतंत्र संघटना बरखास्त झाल्या. १९३४ साली लेखकांच्या पहिल्या अखिल सोव्हिएत अधिवेशनात ‘समाजवादी वास्तववाद’ हा एकमेव मार्ग ठरला. ‘रूपवादी’ हा शब्द त्यानंतर केवळ टीकेचा उरला नाही. तो आरोप झाला. नवी चित्रे एकेक करून भिंतीवरून उतरू लागली आणि कोठारात जाऊ लागली.

येथे संग्रहालयाच्या रोजच्या कामकाजातील एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. चित्र संग्रहालयात आले की त्यास एक क्रमांक मिळतो. चित्रकाराचे नाव, माप, साहित्य, कोणाकडून आले, हे सारे नोंदवहीत उतरते आणि तोच क्रमांक चित्राच्या पाठीवर घातला जातो. तेथून पुढे ते चित्र सरकारी मालमत्ता ठरते. ते गहाळ झाले तर त्याचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो. ज्या सत्तेने ही चित्रे लोकांच्या नजरेआड केली, त्याच सत्तेच्या कारकुनी शिस्तीने त्यांतील पुष्कळ चित्रांचे प्राण वाचविले. कोठारातील माणसे ती पुसत होती, ओलीपासून सांभाळत होती, मोजत होती. सर्वच चित्रे वाचली असे मात्र नव्हे. आणि माणसांच्या बाबतीत तर अशी कोणतीच नोंदवही उपयोगी पडली नाही.

मालेविचला १९३० साली अटक झाली व काही काळ त्याला तुरुंगात काढावा लागला. १९३५ च्या मे महिन्यात लेनिनग्राद येथे तो वारला, तेव्हा त्याच्या उशाशी भिंतीवर काळा चौकोन होता आणि त्याचे शव नेणाऱ्या गाडीवरही तेच चिन्ह होते. गुस्ताव क्लुत्सिस याने आपली सारी प्रतिभा सोव्हिएत सत्तेची प्रचारचित्रे करण्यात वेचली होती. अलेक्सान्द्र द्रेविन निसर्गचित्रे काढीत असे. दोघेही लाटव्हियन वंशाचे. दोघांनाही २६ फेब्रुवारी १९३८ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. द्रेविनची पत्नी नादेझ्दा उदाल्त्सोवा ही स्वतः नामांकित चित्रकर्ती. घरातील कॅनव्हास आपलेच आहेत असे झडतीस आलेल्या अधिकाऱ्यांना सांगून तिने पतीची चित्रे वाचविली. पतीचे खरोखर काय झाले हे तिला १९५६ पर्यंत कळले नाही. अठरा वर्षे ती त्या चित्रांबरोबर त्याची वाट पाहत राहिली.

या काळात भिंतीवर जी चित्रे होती ती सारीच टाकाऊ होती, असे समजणे अन्यायाचे होईल. अलेक्सान्द्र देइनेका याच्या १९३२ सालच्या ‘माता’ या चित्रातील पाठमोऱ्या स्त्रीचे व तिच्या खांद्यावर निजलेल्या बालकाचे सौष्ठव कोणत्याही मतप्रणालीच्या पलीकडचे आहे. यूरी पिमेनोव याच्या ‘नवे मॉस्को’ या चित्रात एक तरुण स्त्री उघडी मोटार हाकीत आहे; ती आपल्याला पाठीमागून दिसते आणि तिच्यासमोर पावसाने भिजलेला रुंद रस्ता चमकत आहे. चित्र प्रसन्न आहे आणि ते १९३७ सालचे आहे. त्याच साली त्याच शहरात रात्री-अपरात्री माणसांना घरांतून उचलून नेले जात होते. आज हे चित्र पाहणाऱ्याला त्यातील प्रसन्नता आणि ते साल यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाही. ते बाजूला काढून टाकले तर त्या काळाचे अर्धे सत्य हरवेल.

पुढे महायुद्ध पेटले. १९४१ च्या उन्हाळ्यात चित्रशाळेतील चित्रे चौकटींतून सोडवून, मोठी चित्रे गुंडाळून, आगगाडीने सैबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे नेण्यात आली व तेथील अपुऱ्या बांधकामाच्या संगीत-नाट्यगृहात ठेवण्यात आली. मॉस्कोतील इमारतीवर बाँब पडले. युद्ध संपताच, १७ मे १९४५ रोजी, चित्रशाळेची दारे पुन्हा उघडली. शत्रूपासून चित्रे वाचविण्यात ज्या राष्ट्राने एवढी शर्थ केली, त्याच राष्ट्राला आपल्याच काही चित्रांची भीती वाटत राहिली.

मार्क शागालच्या फलकांची कथा या संदर्भात बोलकी आहे. १९२० साली त्याने मॉस्कोच्या यहुदी नाट्यगृहासाठी मोठमोठी कापडी भित्तिचित्रे रंगविली. त्यांतील सर्वांत मोठे जवळजवळ आठ मीटर लांबीचे आहे. त्यावर नट आहेत, वादक आहेत, डोक्यावर उभे राहिलेले विदूषक आहेत. पुढे शागाल देश सोडून गेला. त्या नाट्यगृहाचा थोर नट सोलोमन मिखोएल्स याचा जानेवारी १९४८ मध्ये स्टालिनच्या इशाऱ्यावरून खून झाला आणि १९४९ साली नाट्यगृहही बंद पडले. फलक त्रेत्याकोव चित्रशाळेच्या कोठारात आले व गुंडाळलेले पडून राहिले. १९७३ साली शागाल मॉस्कोस आला, तेव्हा त्याचे वय ८५ होते. त्याच्यासमोर ते फलक उलगडण्यात आले. अर्धशतकापूर्वी करावयाची राहून गेलेली सही त्याने त्या वेळी केली आणि फलक पुन्हा कोठारात गेले. त्यांचे रीतसर जतनकार्य होऊन ते जगापुढे आले १९९१ साली.

सरकारी कोठारांच्या बाहेरही राखणदार होते. त्यांत गेओर्गी कोस्ताकिस याचे नाव अग्रभागी येते. ग्रीक वंशाचा हा गृहस्थ मॉस्कोतच १९१३ साली जन्मला. प्रथम तो ग्रीक वकिलातीत मोटारचालक होता. पुढे कॅनडाच्या वकिलातीत स्थानिक नोकरवर्गाची व्यवस्था पाहू लागला. कलाशास्त्राचे शिक्षण त्याला नव्हते. १९४६ साली ओल्गा रोझानोवा हिचे एक चित्र त्याच्या दृष्टीस पडले आणि जुनी डच चित्रे जमविण्याचा त्याचा छंद एकदम पालटला. लोक विसरलेल्या या चित्रकारांच्या विधवा, भाऊ, भाचे यांचा तो शोध घेऊ लागला. ल्युबोव पोपोवा १९२४ साली लाल तापाने वारली होती. तिच्या नातलगांकडे एका खिडकीवर प्लायवूडची एक फळी ठोकलेली त्याला दिसली. ते तिचे चित्र होते. घरमालक म्हणाला की, फळी काढली तर पाऊस आत येईल. कोस्ताकिसने मॉस्कोहून तेवढ्याच मापाची कोरी फळी आणून दिली आणि चित्र घरी नेले. संग्रहालयांनी जे पाहावयाचे सोडले होते, ते एक वकिलातीचा नोकर आपल्या पगारातून सोडवून आणीत होता. त्याच्या घराच्या भिंती छतापर्यंत चित्रांनी भरल्या आणि परदेशी पाहुणे तेथे येऊन ती पाहून जाऊ लागले.

स्टालिननंतरही हवा लगेच पालटली नाही. १ डिसेंबर १९६२ रोजी मानेज येथील प्रदर्शनात ख्रुश्चोव्ह नव्या चित्रकारांवर अर्वाच्य शब्दांत घसरला. मूर्तिकार एर्न्स्ट नेइझवेस्तनी याने त्याला तेथल्या तेथे उत्तरे दिली; पुढे ख्रुश्चोव्हच्या थडग्यावरील स्मारक त्याच्याच हातून घडले. १५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या कडेला एका मोकळ्या जागेत काही चित्रकारांनी चित्रे मांडली, तर त्यांच्यावर बुलडोझर घालण्यात आले. त्याची जगभर नाचक्की झाली, तेव्हा दोन आठवड्यांनी इझमाइलोवो उद्यानात तसेच प्रदर्शन भरविण्यास परवानगी मिळाली. १९७७ साली कोस्ताकिस देश सोडून ग्रीसला गेला. बरोबर काही चित्रे नेण्याची मुभा त्याला मिळाली. त्याची किंमत म्हणून संग्रहातील महत्त्वाचा भाग, ८३४ कलाकृती, त्याने त्रेत्याकोव चित्रशाळेस दिला. जी चित्रे तो घेऊन गेला त्यांतील १२७७ कृती ग्रीक सरकारने २००० साली विकत घेऊन थेसालोनिकी येथे ठेवल्या आहेत. एकाच माणसाच्या घरातील भिंती अशा रीतीने दोन देशांत वाटल्या गेल्या.

मॉस्कोत दिलेल्या कृतीही लगोलग भिंतीवर लागल्या नाहीत. १९८१ साली पुश्किन संग्रहालयातील ‘मॉस्को-पॅरिस’ प्रदर्शनाने दार किलकिले झाले. १९८५ साली क्रीम्स्की वाल येथील इमारतीतील चित्रशाळा त्रेत्याकोव चित्रशाळेशी जोडण्यात आली. १९८८-८९ साली मालेविचचे मोठे प्रदर्शन लेनिनग्राद व मॉस्को येथे भरले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस विसाव्या शतकातील कलेची कायम मांडणी या इमारतीत सिद्ध झाली. चौकोन, मनोरा, लाल घोडा, पिमेनोवची मोटार, ही सारी एका छताखाली कालक्रमाने आली.

आणि त्याच सुमारास इमारतीच्या बाहेर दुसरेच काही घडत होते. ऑगस्ट १९९१ मध्ये जमावाने लुब्यांका चौकातील गुप्त पोलीस दलाचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा पुतळा उतरविला. तो व इतर चौकांतून काढलेले पुतळे येथील हिरवळीवर आणून टाकण्यात आले. गुलाबी दगडातील, नाक तुटलेला स्टालिन त्यांतच आहे. ज्यांच्या काळात आतील चित्रे भिंतीवरून उतरली, ते आता स्वतःच चौथऱ्यावरून उतरून त्यांच्या दारात आले. त्यांचे तुकडे करून वितळविले नाहीत, हे योग्यच झाले. संग्रहालयाचा धर्म आवडीनिवडीवर चालत नाही. ज्याचा पराभव झाला आहे, तेही जपून ठेवणे हा त्या धर्माचाच भाग आहे.

हा धर्म कायमचा प्रस्थापित झाला, असे मात्र समजता येत नाही. आंद्रेई रुब्ल्योव याचे ‘त्रित्व’ हे पंधराव्या शतकातील जगप्रसिद्ध मूर्तिचित्र सुमारे शंभर वर्षे त्रेत्याकोव चित्रशाळेत जतन केलेले होते. २०२३ साली शासनाच्या निर्णयाने ते धर्मसंस्थेच्या स्वाधीन करण्यात आले. ते हलविण्याजोग्या स्थितीत नाही, असे जतनतज्ज्ञांनी बजावले होते. त्यांचे म्हणणे बाजूस राहिले. झार, पक्ष आणि आजचे शासन यांच्या भूमिका भिन्न असतील. परंतु संग्रहातील वस्तूवर अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रश्न तिन्ही वेळा सारखाच उभा राहिला आहे.

‘काळा चौकोन’ आता गुळगुळीत काळा राहिलेला नाही. त्यावर बारीक भेगांचे जाळे पसरले आहे आणि त्या भेगांतून खालचे रंग डोकावतात. २०१५ साली चित्रशाळेतील संशोधकांनी किरणांच्या साहाय्याने तपासणी केली, तेव्हा काळ्या थराखाली आधीच्या दोन रंगीत रचना असल्याचे आढळले. शंभर वर्षे लोक ज्याला रिकामा काळोख समजत आले, त्याच्या पोटात दोन चित्रे निघाली. ती शोधता आली, कारण मधल्या सर्व वर्षांत कोणीतरी तो कॅनव्हास, आवडो वा न आवडो, कोठारात उभा करून ठेवला होता, त्याचा क्रमांक पुसू दिला नव्हता. दालनातून फिरणारा प्रेक्षक पाटीवर चित्रकाराचे नाव वाचतो आणि पुढे सरकतो. त्या नावाखाली उदाल्त्सोवा, कोस्ताकिस आणि नोंदवही लिहिणारे कितीतरी अनामिक कारकून न लिहिताही हजर असतात. चित्र घडविणाऱ्याइतकेच ते टिकविणाऱ्यांचेही ऋण समाजावर असते, आणि ते ऋण मान्य करणाऱ्या देशातच चित्राचे पहिले साल व तिसरे साल यांतील अंतर हळूहळू कमी होत जाते.